जो गव्हाणीत आला, तोच पुन्हा येणार: नाताळात राहून जाणारी अर्धी गोष्ट

शेवगावकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला. घरांवर तारे लागले, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरू लागले, तरुण संघाच्या गीतांच्या तालमी चालू आहेत. हे सगळं मला मनापासून आवडतं. त्यात काही कमी करा असं सांगण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

पण आपल्याकडे नाताळबद्दल जे बोललं जातं ते गव्हाणीपाशी येऊन थांबतं. बाळ जन्मलं, मेंढपाळ आले, मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांनी, सोनं, ऊद आणि गंधरस वाहिला, झालं. प्रेषितांचा मतांगिकार, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर कबुली, म्हणताना आपण सगळे उभं राहून मोठ्यानं म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार आहे. नाताळच्या उपदेशात मात्र त्या वाक्याला जागा मिळत नाही. मला वाटतं, तिथेच ते सगळ्यात जास्त हवं.

यशयाचा नववा अध्याय घ्या. 'आम्हांसाठी बाळ जन्मला आहे, आम्हांला पुत्र दिला आहे' हे सहावं वचन शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्याच्या आधीचं, पाचवं वचन कितीजण वाचतात? तिथे म्हटलंय की रणात आपटत चालणाऱ्या योद्ध्यांची पायताणं आणि रक्तानं माखलेले कपडे आगीत सरपण म्हणून जातील. दोन्ही वचनं एकाच दमात आली आहेत. बाळ तर आलं, पण ती पायताणं अजून जळालेली नाहीत. २०२३ साली खुद्द बेथलेहेमात युद्धामुळे नाताळचे जाहीर सोहळे रद्द झाले. तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये त्या वर्षी बाळ येशूची मूर्ती दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवली होती.

गब्रीएलाचा निरोपही पाहा (लूक १). तुला मुलगा होईल एवढ्यावर देवदूत थांबत नाही. त्याच्या राज्याला अंत नसेल, असंही तो मरीयेला सांगतो. मरीया तिच्या स्तोत्रात गाते की देवानं अधिपतींना राजासनांवरून खाली ओढलं आणि भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं. झालंच आहे अशा खात्रीनं गाते. पण तेव्हा हेरोद राजासनावरच बसलेला होता आणि बेथलेहेमातल्या लहानग्यांना मारण्याइतकी सत्ता त्याच्या हातात होती.

म्हणजे पहिल्या नाताळानं जे कबूल केलं त्यातलं बरंच अजून यायचं आहे. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा 'विसार' म्हणतो. जमिनीचा व्यवहार केलेल्या माणसाला विसाराचं मोल सांगावं लागत नाही. विसार घेतला की व्यवहार पक्का, पण ताबा अजून मिळायचा असतो. नाताळकडे मी तसं बघतो.

तुमच्या मंडळीत, पॅरिशमध्ये या बाजूबद्दल किती बोललं जातं? जाणून घ्यायला आवडेल.

---

वसईची_लेक

शेवगावकर दादा, धाग्याबद्दल आभार. आमच्या कॅथॉलिक उपासनेत ही बाजू आहे, आणि ठळकपणे आहे. पण लोकांचं लक्ष तोवर गोठा बांधण्याकडे गेलेलं असतं.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमान कोणतं वाचतात ते आठवा. बाळाचा उल्लेखसुद्धा नसतो. वर्षाच्या चक्रानुसार मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१ येतं: जागे राहा, घरधनी कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. १६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थनांचा रोख ख्रिस्ताच्या गौरवी येण्याकडे असतो. १७ डिसेंबरपासून उपासना बेथलेहेमाकडे वळते. म्हणजे आधी शेवट सांगून मग सुरुवात सांगायची, अशी ही मांडणी आहे आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे.

हे आजचं नाही. यरुशलेमचे बिशप संत सिरिल यांनी चौथ्या शतकात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवताना दोन्ही येणी शेजारी शेजारी ठेवली होती. पहिल्या वेळी तो बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवला गेला, दुसऱ्या वेळी तो प्रकाश पांघरून येईल. पहिल्या वेळी त्यानं क्रूस सोसला, दुसऱ्या वेळी देवदूतांची सेना त्याच्याबरोबर असेल. बाराव्या शतकातले क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी दोन्हींच्या मधलं एक तिसरं येणं सांगितलं. तो आज, कुणाला न दिसता, माणसाच्या अंतःकरणात येतो. पहिल्या आणि शेवटच्या येण्यामधला रस्ता म्हणजे हे मधलं येणं, असं त्यांचं म्हणणं.

शिवाय प्रत्येक मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस उंचावल्यानंतर, तू पुन्हा येईपर्यंत तुझं मरण जाहीर करतो असं आपण म्हणतोच. तुमच्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी १ करिंथ ११ वाचतात त्यातही 'तो येईपर्यंत' आहे. वर्षभर हे तोंडी असताना नाताळातच ते का हरवावं, हा तुमचा प्रश्न मला पटला.

---

मृदगंध

मी ख्रिस्ती नाही, वाचक म्हणून आले आहे. दोन प्रश्न विचारते, राग मानू नये.

१. हे पुन्हा येणं म्हणजे आपल्याकडे कल्की अवतार सांगतात तसं काही आहे का?
२. २५ डिसेंबर ही खरी जन्मतारीख नाही असं ऐकलं आहे. मग एवढा मोठा विश्वास त्या दिवसावर कसा?

---

शेवगावकर

ताई, राग कसला. प्रश्न सरळ आहेत.

अधर्म माजल्यावर तो निवारायला कोणीतरी येणार, ही ओढ दोन्हीकडे आहे आणि तिचा मला आदर वाटतो. फरक आहे तो 'कोण येणार' यात. कल्की हा दहावा, म्हणजे आधीच्यांहून वेगळा अवतार. ख्रिस्ती विश्वासात नवं कुणी येणार नाही. प्रेषितांची कृत्ये १:११ मध्ये येशू वर घेतला गेल्यावर आकाशाकडे बघत राहिलेल्या शिष्यांना सांगितलं जातं की हाच येशू तसाच परत येईल. पुनरुत्थानानंतर त्यानं थोमा या शिष्याला हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या होत्या. येणारा त्याच खुणा असलेला आहे. तो पुन्हा जन्म घेणार नाही, त्याला पुन्हा आई लागणार नाही, कारण घेतलेला मनुष्यदेह त्यानं टाकून दिलेलाच नाही. म्हणून नाताळ आमच्यासाठी इतका मोठा. देव त्या रात्री कायमचा माणूस झाला.

तारखेबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

जुनीपाने

तारखेबद्दल थोडक्यात.

शुभवर्तमानांत तारीख नाही. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोमच्या ३५४ सालच्या पंचांगवजा संग्रहात मिळते, आणि त्यातली ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. ही तारीख का निवडली यावर दोन मतं आहेत. एक असं की सम्राट ऑरेलियन यानं २७४ मध्ये अजिंक्य सूर्याच्या पूजेला राजाश्रय दिला, त्या सूर्योत्सवाच्या जागी हा सण आला. दुसरं असं की ख्रिस्ताचं मरण आणि त्याची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं धरून पुढे नऊ महिने मोजले. अभ्यासकांत अजून एकमत नाही. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरा करतं. रशियन ऑर्थोडॉक्स लोक जुन्या ज्युलियन पंचांगाचा २५ डिसेंबर पाळतात, तो आपल्या ७ जानेवारीला येतो.

पण विश्वास तारखेवर टेकलेला नाही.

---

दगडफूल

मी जन्मानं ख्रिस्ती, पण या विषयात मला खरंच अडचण आहे. 'लवकर येतो' म्हणून दोन हजार वर्षं झाली. पहिल्या पिढीला वाटत होतं की आपल्या हयातीतच येईल. नंतर किती जणांनी तारखा दिल्या. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. काहींनी त्या वर्षी शेतातलं पीक काढलं नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंगनं २१ मे २०११ सांगितली, लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींत घातले. काहीच झालं नाही आणि माणसं मोडून पडली. असा विश्वास माणसाला आज जगायला मदत करतो की आजपासून पळायला शिकवतो?

आणि 'न्याय करायला येणार' हे लहानपणी ऐकून मला फक्त भीती वाटत आली आहे. नाताळच्या आनंदात ती भीती कशाला आणायची?

---

शेवगावकर

तुमच्या दोन्ही गोष्टी गंभीर आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

तारखांबद्दल तर येशूनंच सांगून ठेवलं आहे. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही (मत्तय २४:३६). मिलर काय, कॅम्पिंग काय, यांनी शास्त्र जास्त मनावर घेतलं असं म्हणता येत नाही, कारण त्यातलं एक स्पष्ट वाक्य त्यांनी बाजूला सारलं. वाट पाहण्याच्या नावाखाली काम सोडण्याचा प्रकारही जुना आहे. थेस्सलनीकात तो झाला, आणि ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, असं पौलानं त्यांना खडसावून लिहिलं.

उशिराबद्दलचा तुमचा प्रश्नही नव्या करारातच आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात लोक विचारतात, त्याच्या येण्याचं वचन कुठे गेलं? उत्तर असं की हा उशीर म्हणजे देवाची सहनशीलता आहे, कुणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. हे उत्तर मला एका बैठकीत पटलं नव्हतं. मत्तय २५ वाचल्यावर ते उलगडत गेलं. तिथे राजा येतो आणि तारीख ओळखली होती का, असं विचारत नाही. मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं का, असं विचारतो. वाट पाहण्याचं काम काय हे त्याच अध्यायात सांगितलंय: भुकेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्या माणसाला भेटायचं.

आता न्यायाची भीती. दादा, नगर जिल्ह्यात आपली बहुतेक ख्रिस्ती घराणी कुठून आली हे तुम्हाला माहीत असेल. मूळची महार-मांग समाजातली, वेशीबाहेर राहिलेली. पाणवठ्यावर हक्क नाही, चावडीत उभं राहता येत नाही, अन्याय झाला तर दाद मागायची कुणाकडे? ज्यांच्या हातून अन्याय झाला त्यांच्याकडेच. अशा माणसाला जाऊन सांगा की एक न्यायाधीश येतो आहे, तो तोंड बघून न्याय करत नाही, आणि तो स्वतः जन्मला तेव्हा त्याच्या आईबापांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. त्याला ही बातमी भीतीची वाटेल का? न्यायाची भीती कुणाला वाटते हे आपण उभे कुठे आहोत त्यावर ठरतं. मलाही माझ्या वागण्यातल्या काही गोष्टींसाठी ती वाटते आणि ती वाटायलाच हवी. पण आमच्या पणज्यांनी ज्याची वाट पाहिली तो न्याय नाताळातून काढून टाकायला मी तयार नाही.

---

वसईची_लेक

दादांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून स्तोत्र ९८ वाचा. नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर एकत्र आनंदानं गातात. कारण काय दिलंय? तो पृथ्वीचा न्याय करायला येत आहे. हे वाचल्यावर न्याय या गोष्टीची माझ्या मनातली चित्रंच बदलली.

आणि गंमत बघा, जगभर नाताळात गायलं जाणारं 'जॉय टू द वर्ल्ड' याच स्तोत्रावरून आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये रचलं. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही, मरीया नाही. राजा येतो, पृथ्वीनं त्याचं स्वागत करावं, शाप जिथवर पसरलाय तिथवर त्याचे आशीर्वाद वाहावेत, एवढंच आहे. ख्रिस्ताच्या राज्याचं गाणं आपण सगळे बाळाचं गाणं समजून गातो. गात राहू या, फक्त काय गातोय ते कळून.

---

दगडफूल

पणज्यांचा मुद्दा मी या बाजूनं कधी पाहिला नव्हता. आमचं घराणंही त्याच भागातलं. विचार करतो आहे. उशिराबद्दलचं उत्तर मला अजून पुरत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो.

---

अलिबागची_नात

नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आजोबांचं गाव अलिबागजवळ, मी आता इस्राएलमध्ये असते. तुमचा ख्रिस्त आमचा मसीहा नाही, ते आधीच सांगते. आमच्या विश्वासात मसीहा अजून यायचा आहे. पण वाट पाहण्याबद्दल वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या घरात कुठलंही शुभकार्य, नवस, बरं होणं, मुलाचं परदेशी जाणं, काहीही असो, मलिदा होतो. पोहे, खोबरं, साखर, फळं घालून ताट करायचं आणि एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेऊन प्रार्थना म्हणायच्या. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आहेत असं आमचे लोक मानतात आणि आजही तिथे नवस फेडायला जातात. पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) रात्री एलियाहूसाठी वेगळा पेला भरून ठेवतो. परमेश्वराच्या महान दिवसाआधी तो येणार, असं मलाखी संदेष्ट्यानं लिहिलं आहे, आणि मसीहाच्या आधी तोच येईल असं आम्ही मानतो म्हणून. कोकणातल्या खेड्यांत आमच्या लोकांनी शेकडो वर्षं ही वाट पाहिली, बाकीच्या यहुदी जगाशी फारसा संबंध नसताना.

---

वसईची_लेक

ताई, किती छान लिहिलंत. तुमचा एलियाहू आमच्या आगमनकाळात अगदी मध्यभागी असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची वाचनं असतात, आणि तो एलियाच्या आत्म्यानं आणि सामर्थ्यानं पुढे चालेल असं लूक १:१७ मध्ये म्हटलंय. मलाखीचं जे वचन तुम्ही सांगितलंत, तेच लूकच्या डोळ्यांसमोर आहे. कोण आला आणि कोण यायचा यावर आपलं एकमत नाही, पण वाट पाहायला आम्ही तुमच्याच पूर्वजांकडून शिकलो. मंदिरातले शिमोन आणि हन्ना, जन्मकथेतली ही दोन म्हातारी माणसं, आयुष्यभर हेच करत होती.

---

सदाफुली

मी रोजची वाचक, लिहीत नाही फारसं. यंदा पावसाळ्यात आई गेली. हा तिच्याशिवायचा पहिला नाताळ. सगळे म्हणतात, ती प्रभूजवळ आहे, रडू नकोस. मला गीतं म्हणवत नाहीत. धाग्यात आशेबद्दल एवढं लिहिलं आहे म्हणून विचारते, या आशेत माझ्यासाठी काय आहे?

---

शेवगावकर

ताई, रडू नकोस असं शास्त्र कुठेही सांगत नाही. थेस्सलनीकाकरांची माणसं गेली होती, तेव्हा पौलानं त्यांना लिहिलं (१ थेस्सल ४): आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि काही क्षणांतच आपण त्याला उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला.

तुमच्यासाठी काय आहे, तर पौल पुढे लिहितो ते. प्रभू येईल तेव्हा ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आणि मग आपण त्यांच्याबरोबर असू. आई प्रभूजवळ आहे हे खरं, पण ख्रिस्ती आशा तिथे संपत नाही. आईची भेट व्हायची आहे, आईच्या देहासकट. तिचे हात, तिचा आवाज, देव ते विसरणार नाही. ज्यानं गोठ्यात खराखुरा देह घेतला त्यानं देहाला टाकाऊ मानलेलं नाही. त्यामुळेच मी पुन्हा पुन्हा म्हणतो की दुसरं येणं नाताळच्या पोटातच आहे. ते काढलं तर आई गेलेल्या मुलीला नाताळात सांगण्यासारखं आपल्याकडे काय उरतं?

गीतं म्हणवत नसतील तर म्हणू नका. तुमच्या वतीनं बाकीची मंडळी म्हणेल, मंडळी त्यासाठीच असते.

---

वसईची_लेक

सदाफुली, तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे. एक आठवण देते. डीट्रिख बॉनहोफर हे जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात उभे राहिले म्हणून एप्रिल १९४३ मध्ये पकडले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी एका मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखीच आहे. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, इकडचं तिकडचं काहीबाही करतो, पण दार बंद आहे आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिली. आपल्या हातानं न उघडणारं दार म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. तुला आत्ता जे वाटतंय ते नाताळच्या बाहेरचं नाही, एवढंच सांगायचं होतं.

---

सदाफुली

दोघांचेही आभार. २४ च्या रात्री चर्चला जाईन. मागच्या बाकावर बसेन.

---

जुनीपाने

धाग्याच्या विषयाला धरून एक मराठी दाखला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. त्याचे दोन भाग आहेत, आणि पहिलं अख्खं पुराण तारणारा येण्याआधीच्या काळाचं आहे: सृष्टीची उत्पत्ती, माणसाचं पतन, संदेष्टे, लोकांचं वाट पाहणं. ख्रिस्तजन्म दुसऱ्या पुराणात. जन्माची गोष्ट सांगण्याआधी हजारो ओव्या त्यांनी वाट पाहण्यावर खर्च केल्या.

---

मृदगंध

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, शिवाय बरंच काही. मला हे मुळातून वाचायचं आहे. बायबल मोठं आहे, या विषयापुरतं कुठून सुरू करू?

---

शेवगावकर

ताई, आधी लूकचे पहिले दोन अध्याय. मग यशया ९ आणि ११. अकराव्या अध्यायात लांडगा कोकराजवळ राहतो ते चित्र आहे, ते वाचून 'हे कधी?' असा प्रश्न मनात आला की प्रकटीकरण २१ आणि २२ उघडा. मधला भयंकर वाटणारा भाग आत्ता राहू द्या, त्याला सोबत लागते. एकविसाव्या अध्यायात माणसं जग सोडून वर जात नाहीत, देवाचं नगर खाली उतरतं आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. इम्मानुएल ('आम्हांबरोबर देव') या नावानं मत्तयानं जी सुरुवात केली, तिचंच हे पुढचं पान आहे.

आमच्या घरी २४ च्या रात्री लूक २ वाचून झालं की त्याच बैठकीत प्रकटीकरण २१ ची पहिली सात वचनं वाचतो. वाचायला घरातल्या सगळ्यात लहान मुलाला देतो. अडखळत वाचतं, मध्येच थांबून विचारतं, मग समुद्र का नसेल, मरण कुठे जाईल. जेवायला उशीर होतो, पण ते प्रश्न त्याच रात्री घेतलेले बरे.